चालणारी भिंत आणि लंकाबाईची गाठ

सुप्याच्या एमआयडीसीत, मोठ्या रस्त्यावरून आत दोन वळणं घेतली की फायबरच्या केबली बनवणारा एक लहानसा कारखाना लागतो. त्याच्या गेटवर हजेरीचं यंत्र बसवलंय. अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागतो आणि माणूस आत जातो. लंकाबाई दहिफळेचा अंगठा मात्र त्या यंत्राला गेल्या पाच वर्षांत एकदाही ओळखू आलेला नाही. तिचे सोळा हंगाम ऊसतोडीत गेले. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या कुसळांनी अंगठ्यावरच्या रेघा अशा घासून नेल्या की यंत्र म्हणतं, हे बोटच नव्हे. म्हणून तिच्यासाठी गेटवर वेगळी वही ठेवलीय. रोज सकाळी ती वहीत सही करते, यंत्राकडं एकदा बघते आणि वॉचमनला म्हणते, "तुमच्या डब्याला आजून माणूस वळखू येईना व्हय."

आणि याच बोटांनी ती दिवसभर काचेची तार सांधते.

फायबर म्हणजे काचेचा धागा, केसाएवढा. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं साल सोलायचं, स्पिरिटच्या फडक्यानं तो पुसायचा, टोक एका छोट्या यंत्रात धरून काटकोनात तोडायचं, दोन टोकं समोरासमोर ठेवायची आणि बटण दाबायचं. बारीक ठिणगी उडते, काच वितळून काचेला मिळते. पडद्यावर आकडा येतो, सांध्यात किती उजेड वाया गेला त्याचा. जितका आकडा कमी तितका जॉइंट चांगला. शिकलेल्या पोरींचा आकडा पाच-सहावर येतो तिथं लंकाबाईचा दोनवर येतो, कधी एकवर. कसं जमतं विचारलं तर सांगते, "फडकं फिरवताना काच बोलती. चीं केलं की समजायचं आंघुळ झाली तिची. न्हाई बोलली तर परत पुसायचं. पोरींस्नी घाई हाय, दुसरं काय."

ती पाथर्डी तालुक्यातली, डोंगराकडच्या वाडीची. दिवाळी झाली की अर्धी वाडी ट्रॅक्टरात बसून निघायची, ती गुढीपाडव्याला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा काकासाहेब आणि लंकाबाईचा एक कोयता. तो तोडायचा, ती पाचट सोलून मोळी बांधायची. मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचं. सतराव्या हंगामाला काकासाहेबाचा पाय त्या फळीवरून सटकला. कंबर कायमची गेली. एका भावकीतल्या माणसानं त्याला सुप्यात एका गोदामावर राखणीला लावलं आणि लंकाबाई या कारखान्यात पॅकिंगला लागली. खोकी जुळवायची, केबली भरायच्या, चिकटपट्टी मारायची.

तिला जॉइंटच्या टेबलावर आणली ती अनन्या गंधे हिनं. अनन्या संगमनेरच्या मास्तरांची मुलगी. पुण्यात उजेडावर पीएचडी केली आणि इथं नव्या यंत्रांचं काम बघायला आली. एकदा टेबलाखाली तुटलेल्या फायबरचा तुकडा पडला होता. तसा तुकडा पायात गेला तर दिसत नाही आणि निघतही नाही, म्हणून सगळ्या बायका पाय वर घेऊन बसलेल्या. लंकाबाई पॅकिंगकडून आली, खाली वाकली, दिव्याकडं तोंड करून एक डोळा मिटला आणि चिकटपट्टीच्या टोकानं तुकडा उचलला.

"दिसला कसा?" अनन्यानं विचारलं.

"पाचटातलं कुसळ असंच चमकतं मॅडम. डोळ्यात जायच्या आदी दिसावं लागतं."

दुसऱ्या दिवशी अनन्यानं तिला टेबलावर बसवलं. टेबलाला दिवा होता, भिंग होतं आणि पाठ टेकायला खुर्ची होती. आता खुर्चीचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण ज्या बाईनं चाळिशीपर्यंत पोटासाठी जे केलं ते सगळं कमरेत वाकून केलं, तिला विचारा. काकासाहेब गोदामावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची बाई उजेड जोडती." ती ऐकून रागवायची, पण त्याला कधी गप्प केलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अनन्याच्या हातात एक नवीन काम आलं. कालव्यातलं पाणी किती वेगानं वाहतं ते पाण्याला हात न लावता मोजणारी पेटी. कालव्याच्या पुलावर ती बसवायची आणि तिनं वरूनच सांगायचं. पाटबंधाऱ्याची कामं घेणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीच्या मंडळींनी ती मागितली होती. त्यांची अट एकच. पारनेर तालुक्यातून जाणाऱ्या कालव्याला आवर्तन सुटलेलं आहे, शनिवारी ते बंद होणार. पाणी चालू आहे तोवर पेटी कालव्यावर लावून दाखवा. पुढचं आवर्तन कधी सुटेल याची खात्री कालव्याच्या माणसालाही नसते, आणि तेवढं थांबायला ती मंडळी तयार नव्हती.

पेटीत बारा जॉइंट होते. बाराही लंकाबाईचे. तिच्या शेजारी जया बसायची, सुप्याचीच, जिभेनं तिखट. काम सुरू व्हायच्या आधी अनन्यानं दोघींना समोर घेतलं. ती तशीच आहे, कशासाठी काय करतोय ते हाताला माहीत असावं असं तिचं म्हणणं.

"ही पेटी पाण्यावर मायक्रोवेव्हची लाट सोडते," ती म्हणाली. "मोबाईलला येते ना, त्याच जातीची लाट, फक्त फार बारीक. पाण्यावर आपटून ती परत येते. पाणी आपल्याकडं येत असेल तर परतलेली लाट थोडी दाट होऊन येते, लांब जात असेल तर थोडी विरळ. त्याला डॉप्लर म्हणतात. किती दाट झाली ते कळलं की पाण्याचा वेग कळला."

लंकाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उसाच्या ट्रॅक्टरावानी."

"कसं?"

"ट्रॅक्टरवाले भोंग्यावर गाणी लावून येत्यात. धुकं पडलेलं असलं की गाडी दिसायची न्हाई. पन गाणं चढून आलं की समजायचं गाडी फडाकडं येतीया, आन् बारीक चिरकं हुतं ते एकदम उतरलं की गेली म्होरं. गानारी बाई तीच, गाणं तेच, पन गाडी गेली की गळा बसल्यागत."

अनन्या हसली. "अगदी तेच. फक्त इथं फरक फार थोडा. लाट सेकंदाला चोवीस अब्ज वेळा हलते, आणि पाण्यामुळं त्यात फरक पडतो शंभराच्या आसपास."

"मंग तो घावायचा कसा?" जया म्हणाली. "गव्हाच्या पोत्यात मोहरी."

"म्हणून उजेड. जी लाट पाठवली ती एका उजेडावर चढवायची, जी परत आली ती दुसऱ्या उजेडावर. दोन उजेड दोन फायबरांतून आणायचे आणि शेवटी एकत्र सोडायचे. ते एकमेकांत मिसळले की मोठं सगळं गळून जातं, फरक तेवढा वर राहतो."

"भजनात दोन पेट्या असल्या आन् एक जराशी उतरलेली असली की सूर थरथरतो," लंकाबाई म्हणाली. "ती थरथर मोजायची, असंच ना?"

"तीच मोजायची."

"मंग सांगा की तसं. अब्ज कशाला."

पेटी सोमवारी उभी राहिली. जॉइंट असे झाले होते की अनन्यानं आकड्यांचा कागद भिंतीवर लावला. मंगळवारी तपासणी. पेटीचं तोंड कारखान्याच्या मागच्या भिंतीकडं केलं. भिंत हलत नाही, म्हणजे पेटीनं शून्य दाखवायला पाहिजे. सुरुवातीला दाखवलंही. पण अर्ध्या तासात शून्याचं एक झालं, एकाचे दोन आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेटी म्हणायला लागली की भिंत सेकंदाला चार सेंटिमीटरनं आपल्याकडं येतेय.

जया डबा उघडता उघडता म्हणाली, "माउलीनं चालवली हुती, त्याच्यानंतर आमच्या अक्कानंच."

बायका हसल्या. लंकाबाईही हसली, पण तिनं डबा अर्धाच खाल्ला.

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ अनन्यानं लेझर बदलून बघितला, उजेडावर लाट चढवणारे भाग बदलून बघितले, तारा बदलल्या. भिंत चालायची थांबेना. सुपरवायझर अमृत ठुबे दर तासाला येऊन उभा राहायचा. तो कान्हूर पठाराकडचा, माणूस वाईट नाही, पण मालकाला उत्तर त्यालाच द्यायचं होतं. बुधवारी बाराला तो टेबलाशी आला.

"मॅडम, तुम्ही विकत आणलेलं सगळं बदलून झालं. राहिलं काय? हातानं केलेलं तेवढं राहिलं."

"जॉइंटचे आकडे बघितलेत का तुम्ही?" अनन्या म्हणाली.

"आकडे बघितले. भिंत पण बघितली." मग तो लंकाबाईकडं वळला. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज नेहमी थोडा खाली यायचा. "मावशी, राग धरू नका. पुण्यावरून माणूस बोलावलाय, उद्या सकाळी येतोय. बाराही जॉइंट कापून तो नव्यानं मारेल. आणि त्याच्या जॉइंटनं भिंत थांबली, तर सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. असल्या नाजूक कामात परत घोळ झाला तर ऑर्डर राहणार नाही, टेबलही राहणार नाही."

जया उसळून काही बोलणार होती. लंकाबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"अमृतभाऊ," ती म्हणाली, "पुण्याचा मानूस सकाळी येनार. आज दुपार मह्याकडं राहू द्या. पेटी चालू ठेवा आन् मला तिच्याम्होरं बसू द्या. कापनार न्हाई, जोडनार न्हाई. नुसतं बघती."

"बघून काय होणार?"

"तुमी बी दोन दिस बघतच हायेत की."

जयानं तोंडाला पदर लावला. अमृत ठुबे हात झटकून निघून गेला, आणि त्याचा अर्थ हो असाच होता.

दुपारी दोनला लंकाबाई पेटीसमोर बसली. अनन्या शेजारी स्टूल घेऊन. फायबर ज्यात गुंडाळून ठेवतात तो ट्रे पेटीच्या तळाशी असतो, त्याला झाकण. दोन दिवसांत ते झाकण कुणी उघडलं नव्हतं, कारण आतल्या सगळ्याचे आकडे चोख होते. लंकाबाईनं झाकण काढलं. आकडा चारवर होता आणि हळूहळू वर सरकत होता.

"मॅडम, सकाळी शून्य असतंय आन् मंग चढतंय. म्हंजी तापल्यावर चढतंय. व्हय का न्हाई?"

"हो. खाली वीज पुरवणारा डबा आहे, तो तापतो. पण थोडंफार तापणार हे धरूनच मी रचना केली होती."

"थोडंफार तापल्यावर काय बिघडतंय ते बघू आता." तिनं तळहात पुढं केला आणि पहिल्या जॉइंटच्या वर धरला, न टेकवता, तव्याची धग बघावी तसा. पन्नास अंक मोजले. आकडा होता त्याच चालीनं सरकत राहिला. दुसऱ्या जॉइंटवर धरला. तिसऱ्यावर. प्रत्येकावर पन्नास अंक, आणि पुढच्यावर जायच्या आधी हाताची धग ओसरायला सात-आठ मिनिटं. मध्ये जया चहा घेऊन आली, तो तसाच गार झाला. बारावा जॉइंट झाला तेव्हा चार वाजत आले होते.

"एक बी हालला न्हाई," लंकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ती मागं टेकली. तिचं काम खरं तर इथं संपलं होतं. जॉइंट निर्दोष आहेत एवढं अमृत ठुबेला दाखवायचं, बास.

पण तिचा हात ट्रेवर होता तो मागं येताना फायबरच्या खालच्या वेटोळ्यावरून गेला, आणि आकडा उडी मारून सातवर गेला.

ती थांबली. हात काढला. आकडा थोड्या वेळानं उतरला. परत हात धरला, परत चढला. मग तिनं हात वरच्या वेटोळ्यावर नेला. आकडा उलट्या दिशेनं पळाला, शून्याच्या खाली. भिंत आता लांब जायला लागली.

अनन्या स्टूलवरून उठली. "परत करा."

लंकाबाईनं परत केलं. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, तिनं एक तळहात खालच्या वेटोळ्यावर आणि दुसरा वरच्या वेटोळ्यावर धरला. दोघी आकड्याकडं बघत राहिल्या. तो तीनवर आला, दोनवर आला, एकच्या आसपास घुटमळला. भिंत जवळजवळ उभी राहिली.

ही दोन वेटोळी म्हणजे त्या दोन उजेडांच्या वाटा. काच तापली की वाट किंचित लांब होते. दोन्ही वाटा सारख्याच लांबल्या तर फरक पडत नाही. एक लांबली आणि दुसरी नाही, तर पेटीला वाटतं समोरचं हललं. म्हणूनच अनन्याच्या नकाशात दोन्ही वेटोळी एकात एक, मोकळी, एकाच कप्प्यात काढलेली होती. ट्रेमध्ये मात्र ती तशी नव्हती. प्रत्येक वेटोळं वेगळं केलेलं होतं, दोऱ्याला पीळ देऊन घट्ट आवळलेलं, गाठ आतल्या बाजूला दडपलेली. एक तळाच्या पत्र्याला चिकटून, तापणाऱ्या डब्याच्या अगदी वर. दुसरं झाकणाजवळ, गार.

अनन्यानं गाठीकडं बघितलं. लंकाबाईनंही बघितलं. ती गाठ कुणाची हे दोघींना विचारायची गरज नव्हती. तशी गाठ त्या अख्ख्या एमआयडीसीत एकच बाई मारते. मोळी बांधताना वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन आवळायचं आणि टोक आत खुपसायचं, म्हणजे डोक्यावर चढवताना आणि फळीवरून नेताना मोळी सुटत नाही. आणि फडात आपली मोळी आपल्याच ढिगात लावायची, दुसऱ्या कोयत्याच्या मोळीत मिसळू द्यायची नाही. मिसळली की भांडणं. पेटी टेम्पोतून कालव्यावर जाणार, खाचखळग्यांचा रस्ता, वेटोळं सुटू नये, दुसऱ्यात गुंतू नये. नकाशात मोकळं काढलं होतं ते तिला घाईत काढल्यासारखं वाटलं होतं. तिच्या हातानं चित्र सुधारलं.

चहाच्या सुट्टीमुळं शेड जवळजवळ रिकामी होती. कात्री टेबलावरच होती. गाठी कापायच्या, वेटोळी सैल करून एकात ठेवायची, झाकण लावायचं. सकाळी पुण्याचा माणूस आला की भिंत थांबलेलीच असेल, आणि लेझर नवीन आहे, तो रुळायला दोन दिवस लागले, असं कुणीही म्हटलं असतं. अनन्याही कदाचित काही बोलली नसती. लंकाबाईची नजर त्या कात्रीवर होती, हे तिनं नंतर स्वतःच कबूल केलं.

"जयाला सांगा," लंकाबाई म्हणाली, "अमृतभाऊला बोलवाय."

अमृत ठुबे आला. लंकाबाई उठून उभी राहिली नाही, हात वेटोळ्यांवर तसेच होते.

"भाऊ, हे बघा. जॉइंट चांगले हायेत, बारा बी. मॅडमनी बघितलं. चूक जॉइंटात न्हाई." तिनं श्वास घेतला. "चूक ह्या गाठीत हाय. गाठ मही हाय. नकाशात न्हवती. म्या मनानं मारली."

अमृतनं ट्रेमध्ये डोकावून बघितलं. "नकाशात नसताना?"

"नसताना."

"मावशी, तुम्ही मोळ्या बांधताय का इथं?"

"व्हय, तसंच झालं ते," ती म्हणाली. "हाताला दुसरं ठावं न्हाई. आता झालं."

अनन्या मध्ये पडली. "नकाशात दोन्ही सैल आणि एकत्र दाखवली, पण का ते मी लिहिलं नाही. आणि झाकण उघडून बघायचं मलाही दोन दिवसांत सुचलं नाही. माझी बाजू पण धरा."

अमृत ठुबे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला रागवायचं होतं आणि समोर दोघी जणी आपापली चूक पुढं करत बसलेल्या. असं झालं की रागाचं काय करावं कळत नाही. शेवटी तो म्हणाला, "पुण्याच्या माणसाला मी फोन करतो, थांब म्हणून. पण मावशी, माझं म्हणणं बदललेलं नाही. शुक्रवारी कालव्यावर पेटी चालली तर चालली. तिथं भिंत परत चालायला लागली तर सोमवारी पॅकिंग. मला वर सांगायला तोंड पाहिजे."

"बराबर हाय," लंकाबाई म्हणाली. ती खरंच तसं मानत होती.

गुरुवारी तिनं एकही जॉइंट न कापता दोन्ही वेटोळी उकलली. ऐकायला सोपं वाटतं. पन्नास-पन्नास मीटर काच, प्लॅस्टिकच्या पातळ सालीत, पिळाला बसलेली. जोरानं ओढली तर तुटते, सोडली तर उसळून डोळ्याकडं येते. जया एका टोकाशी धरायला बसली. लंकाबाई पीळ उलटा सोडत गेली, हातभर, परत हातभर. जयानं विचारलं, "अक्का, एवढी कशी आवळली गं?" तर म्हणाली, "सोळा वर्सं आवळलीया. एका दिसात कशी सुटंल." दुपारपर्यंत दोन्ही धागे शेजारी शेजारी धरून, एकात एक, सैल वेटोळी पडली. वरून कापसाची पातळ पट्टी ठेवली, दाबली नाही. पेटी भिंतीसमोर लावली. शून्य. तीन तासांनी शून्य.

पण कारखान्यात पंखे होते, सावली होती. कालव्यावर दोन्ही नव्हतं.

शुक्रवारी साडेदहाला अनन्या, अमृत, लंकाबाई आणि जयाला घेऊन टेम्पो कालव्याच्या पुलावर उभा राहिला. ऊन असं, की लोखंडी कठड्याला हात लावता येईना. पुण्याच्या मंडळींचा एक अभियंता आला होता, गोल टोपी घातलेला, कमी बोलणारा. त्यानं आधी जुनी पद्धत केली. पुलापासून ठरावीक अंतरावर दोन खुणा केल्या, लाकडी ठोकळा पाण्यात सोडला, घड्याळ लावलं. चार वेळा केलं. सेकंदाला एक्क्याऐंशी सेंटिमीटर. मग पेटी पाण्याकडं तोंड करून लावली. पेटीनं ब्याऐंशी म्हटलं.

अनन्याचा चेहरा उजळला. अमृतनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. अभियंता मात्र म्हणाला, "पाणी वाहतंय हे सगळ्यांनाच दिसतंय. आता तिला त्या खांबाकडं वळवा आणि तापू द्या."

पुलाचा काँक्रीटचा खांब. पेटी त्याच्याकडं वळवली. शून्य. उन्हात, सावली न करता, एक तास.

लंकाबाई कालव्याच्या भरावावर बसली, डोक्यावर पदर. लोक पाण्याकडं बघत होते, कारण उन्हाळ्यात भरून वाहणारं पाणी बघावंसंच वाटतं. ती खांबाकडं बघत होती. वीस मिनिटांनी आकडा शून्य पॉइंट एक झाला. अमृत ठुबेनं तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. तीस मिनिटं, पॉइंट एक. पंचेचाळीस, पॉइंट दोन, परत पॉइंट एक. पेटीचा पत्रा इतका तापला की अनन्याला झाकण उघडायला रुमाल घ्यावा लागला.

एक तास झाल्यावर अभियंत्यानं आकडा लिहून घेतला, पॉइंट एक, आणि वही मिटली. "एवढं आम्हाला चालतं," तो म्हणाला. "आतली मांडणी बघू?"

त्यानं ट्रे बघितला, वेटोळी बघितली. "जोडणी कुणाची?"

अनन्यानं भरावाकडं हात केला. अभियंत्यानं तिकडं बघून टोपीला हात लावला. तो नमस्कार होता की ऊन लागलं होतं, हे लंकाबाई अजून जयाला विचारते.

टेम्पोशी आल्यावर लंकाबाई अनन्याला म्हणाली, "ताई, एक काम ऱ्हायलं." त्या दिवशी पहिल्यांदा मॅडमचं ताई झालं. "नकाशात लिहा, का सैल ठेवायचं ते. उद्या मह्या जागेवर दुसरी बसंल. तिचा हात कुनीकडून आलाय कुनाला म्हाईत. ती बी आपल्या मनानं सुधारायची."

नकाशा बदलायचा तर कारखान्यात त्याचा एक कागद असतो. अनन्यानं तो पिशवीतून काढला, टेम्पोच्या बॉनेटवर पुठ्ठा ठेवून त्यावर धरला आणि लिहिलं: दोन्ही वेटोळी एकत्र, सैल, दोरा न बांधता, दोन्हीला सारखीच धग लागली पाहिजे.

"सैल म्हंजी किती ते लिहा," लंकाबाई म्हणाली. "सैल सगळ्यांची येगळी असती."

"किती लिहू?"

"एक बोट आत जाईल एवढी."

अनन्यानं तसं लिहिलं आणि कागद अमृत ठुबेकडं दिला, सही त्याची लागते. त्यानं वाचला. खाली एक रकाना होता, बदल कुणी सुचवला, नाव आणि विभाग. त्यानं नाव घातलं, लंकाबाई काकासाहेब दहिफळे. विभागाशी येऊन पेन थांबलं. त्यानं वर बघितलं. लंकाबाई समोरच उभी होती, पेनाच्या टोकाकडं बघत.

"येतील आता सगळ्या तुमच्याकडंच शिकायला," तो पुटपुटला, आणि त्यानं लिहिलं, जॉइंट टेबल.